जोरबीड, ताल छापर, भरतपूर : गिधाडं, गरुड आणि गाईचं इंजेक्शन

हिवाळ्यात राजस्थानला जातोय म्हटलं की लोक विचारतात, जैसलमेर का उदयपूर? आम्ही चाललो होतो बिकानेरजवळ जोरबीडला, मेलेली गुरं टाकतात ती जागा बघायला. सोबतीला मेव्हणा. तो जनावरांचा डॉक्टर, खाजगी प्रॅक्टिस, पक्ष्यांशी त्याचा संबंध कोंबडीपुरता. पण बिकानेरला उंटांचं सरकारी संशोधन केंद्र आहे हे मी आधी सांगितलं आणि गिधाडांचं नंतर, त्यामुळे तो लगेच तयार झाला.

बिकानेर, पोचलो तो दिवस

ट्रेन वेळेवर, हॉटेल ठीकठाक, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दुपारी राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रात गेलो. १९८४ पासून आहे हे केंद्र, आणि तेही जोरबीड भागातच. मेव्हणा तिथल्या उंटांचे पाय, तोंड, सड असं सगळं बघत बसला, मी उंटिणीच्या दुधाचा चहा पीत बसलो. चव किंचित खारट, पण थंडीत दोन कप सहज गेले. कुल्फी पण मिळते, ती चहापेक्षा भारी आहे.

संध्याकाळी गाईडला फोन केला. तो म्हणाला, "साब, सूरज निकलने से पहले मत आओ, कुत्ते रहते हैं, गाडी से उतरना नहीं." पक्षी बघायला जाताना पहिली सूचना कुत्र्यांची मिळावी याचं हसू आलं, दुसऱ्या दिवशी नाही आलं.

जोरबीड

शहरापासून अर्ध्या तासाच्या आत. आधी वास येतो, मग आभाळात ठिपके दिसतात, मग झाडांवर बसलेले गरुड. झाडं म्हणजे खेजडी आणि बाभळी, त्यातली काही निष्पर्ण, आणि प्रत्येक फांदीवर दोन-तीन स्टेपी गरुड अंग फुगवून बसलेले. मी आयुष्यात एका वेळी चार गरुड बघितले होते ते पण लांबून. इथे मोजायचं सोडून दिलं.

शहरातली आणि आसपासच्या गावांतली मेलेली गुरं-उंट इथे आणून टाकतात. कातडं सोलणारी माणसं आधी येतात, मग कुत्रे, मग पक्षी, शेवटी हाडं गोळा करणारे. हाडांचे पांढरे ढीगच्या ढीग पडलेत. सकाळी साडेनवापर्यंत गिधाडं जमिनीवर नुसती बसून होती, ऊन तापून हवा वर चढायला लागली तशी एकेक उठायला लागली. युरेशियन ग्रिफन सगळ्यात जास्त, हिमालयन ग्रिफन त्याहून मोठी आणि फिकट, काळं गिधाड एखाद-दुसरं पण ते आलं की बाकीचे बाजूला होतात. पांढरी गिधाडं तर पायाखाली फिरत होती, पिवळ्या तोंडाची, केस विस्कटल्यासारखी, मोठ्यांचं उरलंसुरलं चिमट्यासारख्या चोचीनं टिपत. आपल्याकडे पूर्वी गावोगाव असायचं ते पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड मात्र आम्हाला एकही दिसलं नाही.

गाडीपासून फार लांब नाही अशा एका गाईवर एक स्टेपी गरुड बसला होता. चोचीच्या कडेची पिवळी रेघ पार डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली, ती बघून ओळखायचा, नाहीतर रंगावरून टॉनी ईगलशी हमखास गल्लत होते. तो एका पायानं कातडी दाबून धरायचा, मान मागे ओढून एक लांब पट्टी तोडायचा, मग दोन मिनिटं आजूबाजूला बघत बसायचा. घाई नावाला नाही. मी फोटो काढत होतो, मेव्हणा गाईचा कान बघत होता. कानात पिवळा टॅग तसाच होता, बारा आकडी नंबरवाला.

"दाजी, या नंबरावरून मालक सापडेल, लस कधी दिली ते पण सापडायला पाहिजे. पण शेवटच्या दोन दिवसांत हिला कुणी काय टोचलं ते कुठं सापडणार?"

मी त्याला घेऊन आलो होतो ते खरं तर यासाठीच. मुद्दा असा. ९०च्या दशकात आपली गिधाडं मरायला लागली तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं रोग असेल, कुठला तरी व्हायरस. काहींचा संशय कीटकनाशकांवर होता, तेही तपासून झालं. उत्तर २००४ साली मिळालं, लिंडसे ओक्स आणि त्यांच्या टीमनं पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांत शोधलं : डायक्लोफेनॅक. माणसाच्या गुडघेदुखीवरचं आणि गुरांच्या तापावरचं, सुजेवरचं तेच साधं औषध. गिधाडाच्या पोटात ते मांसाबरोबर गेलं की मूत्रपिंड बंद पडतं, युरिक अ‍ॅसिड बाहेर जात नाही, काळजावर, यकृतावर सगळीकडे खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो आणि दोन-चार दिवसांत पक्षी खलास.

मेव्हण्याला यातलं औषध माहीत होतं, गिधाडाचं पोट माहीत नव्हतं. तो म्हणाला गाईच्या अंगात ते टिकत नाही, थोड्या दिवसांत निघून जातं. बरोबर आहे, पण इंजेक्शन कोणत्या गाईला देतात? आजारी. आणि मरते कोणती? तीच. म्हणजे टोचल्यापासून एक-दोन दिवसांत मेलेली गायच नेमकी उघड्यावर येऊन पडते. त्यात गिधाडं पंगतीनं जेवणारी, एका जनावरावर पन्नास-साठ. हिशोब करणाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की शंभरात एकापेक्षाही कमी जनावरं विषारी असली तरी गिधाडं संपायला तेवढं पुरतं, आणि बंदीच्या आधी भारतात तपासलेल्या मेलेल्या गुरांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघालं. वर्षाला एक अंडं घालणारा, पाचेक वर्षांनी वयात येणारा पक्षी यातून तगणार कसा? १९९२ ते २००७ मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारातलं एक उरली.

आणि नुसती गिधाडं नाहीत. याच बिकानेरजवळच्या गुरं टाकायच्या जागेवर मेलेले सापडलेले दोन स्टेपी गरुड तपासले तेव्हा त्यांच्यातही डायक्लोफेनॅक निघालं, पोटातली लक्षणं पण तीच, २०१४ साली ते छापून आलं. झाडावर फुगून बसलेल्या त्या पक्ष्यांकडे बघताना हे सारखं डोक्यात येत होतं. कझाकस्तान, रशिया, मंगोलियाकडून एवढं अंतर कापून यायचं आणि जेवण कुठलं पानात येईल त्यावर सगळं अवलंबून. (यांच्याच एका रशियन भाईबंदाच्या पाठीवर ट्रान्समीटर होता, २०१९ मध्ये तो आणि त्याचे सोबती रेंजबाहेर राहून राहून नंतर इराणसारख्या महागड्या रोमिंगच्या देशांत गेले, साठलेले सगळे एसएमएस तिथून गेले आणि संशोधकांना बिल भरायला वर्गणी काढावी लागली. खरी गोष्ट आहे.)

अकरा वाजता एका टेकाडामागून पंधरा-वीस कुत्र्यांचं टोळकं आलं आणि सगळे पक्षी उडाले. गिधाडं नसली की जागा यांची होते. कुत्रे वाढतात, रेबीज वाढतो, पाण्याजवळ मढी कुजत राहतात. दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज काढला, गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा फुगवलेला वाटला होता, ते टोळकं गाडीभोवती फिरून गेल्यावर तेवढा नाही वाटला.

जोरबीडला जाणाऱ्यांसाठी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. गाईड स्थानिकच घ्या, फी-परवानगीचं तोच बघतो. नऊ ते बारा ही वेळ सगळ्यात चांगली, फार पहाटे जाऊन उपयोग नाही. गाडीतून उतरू नका. नाकाला उपरणं किंवा मास्क लागतोच, बूट असे घाला की परत आल्यावर धुता येतील. खायचं काही उघडू नका, इच्छाही होत नाही. परत येऊन आम्ही आंघोळ करून बाजरीची रोटी, केर-सांगरी आणि लसणाची चटणी खाल्ली, मेव्हण्यानं चार रोट्या, माझ्या मोजायच्या बाहेर.

ताल छापरच्या वाटेवर

श्रीडूंगरगढच्या पुढे एका छोट्या गावात चहाला थांबलो तर शेजारी पशू-औषधांचं दुकान. मेव्हण्याला राहवलं नाही. आत जाऊन गाय लंगडतेय, दुखण्यावर काहीतरी द्या म्हणाला. दुकानदारानं विचार न करता मेलॉक्सिकॅम काढलं. मला मनापासून बरं वाटलं, कारण हेच ते गिधाडांना न मारणारं औषध, टॉल्फेनॅमिक अ‍ॅसिड हे दुसरं. मेव्हणा म्हणाला, "याच्यानं फरक नाही पडला, कडक काही आहे का?" तर दुसरी बाटली आली, निमेसुलाईड. जनावरांसाठी त्याच्यावर २०२४च्या डिसेंबर अखेरीस बंदी आलीये. तसं सांगितल्यावर दुकानदार चकित, "अच्छा? कब हुआ?" खोटं बोलत होता असं वाटलं नाही. उलट आम्हाला चहा पाजला.

गाडीत मेव्हण्यानं त्याच्या धंद्याची बाजू मांडली. शेतकरी रात्री अकराला बोलावतो, गाय उठत नाही, त्याला सकाळी गाय उभी दिसली पाहिजे. डायक्लोफेनॅकनं पटकन आराम पडतो अशी सवय लागलेली, मेलॉक्सिकॅमला वेळ लागतो अशी समजूत. २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तर लोक माणसांची तीस मिलीची बाटली आणून गाईला टोचायला लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही फक्त तीन मिलीची एका डोसची अँप्युल ठेवली. तीन मिलीत पंचाहत्तर मिलिग्रॅम, मोठ्या गाईला चार-पाच अँप्युल फोडाव्या लागतात, कोण फोडत बसतो. "दाजी, खरी बंदी ही. कायदा वाचून कोण थांबतं, कटकट वाढली की थांबतं." मला हे पटलं, आणि थोडा रागही आला, कारण मग एसीक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन या तसल्याच औषधांवर बंदी यायला २०२३ साल का उजाडावं? एसीक्लोफेनॅकचं तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

ताल छापर

चूरू जिल्ह्यातलं हे छोटं अभयारण्य, सातेक चौरस किलोमीटर. सपाट गवत, काळवीट, आणि थंडी अशी की संध्याकाळी बोटं कॅमेऱ्याच्या बटणावर लागत नव्हती. लोक काळविटांसाठी येतात, आम्ही भोवत्यांसाठी, म्हणजे हॅरियर नावाच्या शिकारी पक्ष्यांसाठी. सूर्य टेकायला लागला की चारी बाजूंनी हे हॅरियर लोक गवतावरून खालून-खालून तरंगत येतात, पंख व्ही आकारात धरून, आणि एकेक करून गवतात उतरून गायब होतात. मॉन्टेग्यूचा, पॅलिड, मार्श असे तिन्ही बघितले. रात्र जमिनीवरच काढतात.

दिवसभर ते टोळ, उंदीर, सरडे खातात आणि तिथेच दुसरं, जुनं विष येतं. डायक्लोफेनॅक साठत नाही, एका जेवणात मारतं. डीडीटीचं उलटं. ते चरबीत जाऊन बसतं, निघत नाही. टोळात थोडं, टोळ खाणाऱ्या सरड्यात त्याहून जास्त, सरडे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यात सगळ्यात जास्त. पक्षी मरत नाही, चांगला उडताना दिसतो, जोडी जमवतो, घरटं बांधतो, अंडं घालतो आणि अंड्यावर बसला की अंडं फुटतं. कारण डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईमुळे कवचाला कॅल्शियम मिळत नाही. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफनं हौशी लोकांनी जमवलेली जुनी ससाण्याची अंडी नव्या अंड्यांशी ताडून बघितली, १९६७ मध्ये छापलं की कवच १९४७च्या सुमारापासून पातळ व्हायला लागलंय. अंडी चोरणाऱ्यांच्या पेट्या अशा कामाला आल्या.

स्थलांतर करणाऱ्यांचं तर अजून अवघड. निघायच्या आधी चरबी साठवायची, वाटेत तीच जाळत जायचं, आणि चरबी जळाली की तिच्यातलं साठलेलं सगळं रक्तात. म्हणजे सगळ्यात दमलेल्या वेळी सगळ्यात मोठा डोस. आपल्याकडे शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे, काळा आजार पसरवणाऱ्या माशीसाठी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं घराच्या भिंतींवर मारत होते.

आमच्या ड्रायव्हरनं २०२०च्या टोळधाडीची गोष्ट सांगितली. आभाळ काळं झालं, बायका थाळ्या बडवत शेतात उभ्या, मग सरकारी गाड्या येऊन मॅलॅथिऑन हे कीटकनाशक फवारून गेल्या. "उस साल पंछी बहुत आये थे, खूब खाया." फवारलेले टोळ खाल्ले का न फवारलेले, हे त्याला कसं कळणार. मला अर्जेंटिना आठवलं, १९९५-९६ मध्ये तिथे टोळांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मारलं आणि उत्तर अमेरिकेतून हिवाळ्याला आलेले स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी हजारोंनी शेतात मरून पडले.

ताल छापरच्या टिपा : फॉरेस्टचं रेस्ट हाऊस आधी बुक करा, दुसरी सोय मर्यादित आहे. संध्याकाळी साडेचारनंतर गवताच्या कडेला गाडी लावून गप्प बसा, मागे पळू नका, पक्षी तुमच्यावरूनच जातात. हातमोजे न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या गोशाळेच्या माळावर जा, सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळाबाहेर ऊन खात बसलेला असतो आणि त्याच्यावर टपलेला एखादा लग्गड ससाणा पण भेटतो. आम्हाला सांडा भेटला, ससाणा नाही.

मग अख्खा दिवस गाडीत, जयपूरवरून भरतपूर. दौसाच्या अलीकडची कचोरी सोडली तर सांगण्यासारखं काही नाही.

भरतपूर

सकाळी सहाला केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर, आणि धुकं इतकं की रिक्षावाल्याची पाठ दिसत होती, पुढचं चाक नाही. आत गाडी चालत नाही, सायकल रिक्षा किंवा सायकल. आमचे रिक्षावाले सरदारजी, वय साठीच्या पुढे, दुर्बीण स्वतःची, पक्ष्यांची इंग्रजी नावं आमच्यापेक्षा तोंडपाठ. दहा वाजेपर्यंत आम्ही फक्त आवाज ऐकले आणि त्यांच्या गोष्टी.

एका वळणावर उंच झाडांकडे हात करून ते म्हणाले, इथे घरटीच घरटी असायची, खालून जाताना डोक्यावर काय पडेल सांगता यायचं नाही. हे नुसतं म्हाताऱ्या माणसाचं आठवणीत रमणं नाही, याची मोजणी आहे. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) विभू प्रकाश इथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते, १९८७-८८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. १९९८-९९ मध्ये राहिल्या २०. मग त्याही गेल्या. आधीचा आकडा कुणी लिहून ठेवला नसता तर नंतर ओरड कशाच्या जोरावर केली असती? सरदारजींना मी विचारलं, मरताना बघितलंत का. म्हणाले, मान खाली लोंबायची, फांदीवर बसल्या बसल्या, आम्हाला वाटायचं झोपलाय.

याच पार्कात त्याच सुमाराला, १९८७ ते ९० मध्ये, सारस क्रौंच मेलेले सापडले होते. ते शिकारी पक्षी नाहीत, पण कारण ऐका : आजूबाजूच्या शेतात गव्हाच्या पेरणीला वापरलेलं अल्ड्रिन हे कीटकनाशक. पार्क जागतिक वारसा यादीत १९८५ पासून आहे, भिंत आहे, गेट आहे, पण सारस दाणे टिपायला भिंतीबाहेर जातोच ना. मेव्हणा त्या सकाळी पहिल्यांदाच स्वतःहून बोलला, "म्हणजे पार्क कितीही मोठं करा, जेवण बाहेरच." तेवढ्यात धुकं फाटलं आणि समोरच्या वाळक्या झाडावर ग्रेटर स्पॉटेड ईगल ओले पंख पसरून बसलेला. खाली पाण्यात मार्श हॅरियरनं एक घिरटी घातली तशी शेकडो बदकं एकदम उठली. त्यानंतर दोन तास कुणी औषधाचं नाव काढलं नाही.

भरतपूरच्या टिपा : जानेवारीत पहिल्याच सकाळवर भिस्त ठेवू नका, एक रात्र जास्तीची ठेवा. रिक्षा जुन्या माणसाची घ्या, वेळ जास्त गेला तरी चालेल. गरुडांसाठी दुपारची वेळ सकाळपेक्षा चांगली.

आणि ही टीप कुठल्याही गावासाठी. मान टाकून बसलेलं किंवा मेलेलं गिधाड, गरुड, घार दिसली तर पुरू नका, जाळू नका, स्वतः उचलू पण नका. फोटो आणि लोकेशन घेऊन वनखात्याला लगेच कळवा, महाराष्ट्रात १९२६ नंबर आहे. मेव्हणा म्हणतो की ऊन असेल तर काही तासांत मूत्रपिंड आणि यकृत तपासायच्या लायकीचं राहत नाही, म्हणून फोन आधी, स्टेटस नंतर. तुमच्या ओळखीत गुरं पाळणारं कुणी असेल तर त्यांच्या डॉक्टरला फक्त एवढं विचारायला सांगा की इंजेक्शन मेलॉक्सिकॅमचं आहे का, आणि जनावर उपचार चालू असताना मेलं तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.